हलका हात

"राऊळ, तू बेडूक धरतेस की त्याचा गळा आवळतेस?"

निंबाळकर सर जीपमधून उतरता उतरताच हे बोलले. अंगावरचा रेनकोट निथळत होता. जनाकाकींनी पुढे केलेला चहाचा कप त्यांनी बाजूला सारला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून व्हरांड्यातल्या टेबलावर आपटले.

"बघ. तुझे सगळे बेडूक भीतीनं अर्धमेले झालेत. आणि हे सुहासचे. रात्रभर पिशवीत कोंडले होते असं वाटतं तरी का यांच्याकडे बघून?"

"च्याय थंड जातली, सर," जनाकाकी म्हणाल्या. बंगल्यावर आमचा स्वयंपाक त्या करायच्या. सरांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

सुहास चौगुले दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. घाटमाथ्यावरच्या पावसात कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, त्यामुळे आम्ही सगळे बाह्या दुमडून वावरायचो. हा एकटा मनगटापर्यंत बटणं लावून, लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखा.

"तिचा हात जड हाय सर," तो म्हणाला. "मी म्हणत होतोच की."

मी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं दूध नासलं असतं. दोन वर्षं आम्ही एका छपराखाली राहत होतो आणि त्यातले पहिले दोन आठवडे सोडले तर एकमेकांशी सरळ बोललो नव्हतो. ताटं वेगळी, टॉर्च वेगळे, साबण वेगळा. तो कोल्हापूरकडचा, मी सावंतवाडीची. भांडायला तेवढंही पुरतं. पण आमचं भांडण बेडकांवरून होतं.

आम्ही दोघंही सरांकडे पीएचडी करत होतो. बंगल्यामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, डबक्यांच्या काठी सोनेरी पाठीचे बेडूक असत. आम्ही त्यांना सोनपाठ्या म्हणायचो. पावसाळाभर संध्याकाळ झाली की त्यांचे नर माद्यांना हाका मारत बसतात. मादी गप्प, ओरडायचं काम नराचं. काही नर घसा फाटेस्तोवर ओरडतात, काही त्यांच्याच शेजारी मुकाट बसून राहतात. सरांनी वीस वर्षांपूर्वी याच सड्यावर काम करून दाखवून दिलं होतं की सगळ्यात जास्त ओरडणारा नर सगळ्यात निवांत असतो. त्याच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी सापडतं. म्हणजे ओरडणं हे तब्येतीचं लक्षण, धडधाकट गडीच एवढा गळा काढू शकतो. या एका गोष्टीवर सरांचं नाव झालं होतं. एम.एस्सी.च्या पुस्तकात तिच्यावर एक अख्खा परिच्छेद होता आणि तो पाठ करून मीही पास झाले होते.

माझे आकडे मात्र नेमके उलटे येत होते.

पद्धत सरांचीच. आधी ओरडणारे नर, मागाहून गप्प बसणारे. प्रत्येक नर उघड्या हातानं पकडायचा आणि मोजमापं होईपर्यंत हातातच धरायचा. मग त्याच्या मागच्या पायाच्या पडद्यात, घेवड्याच्या बियांतून काढलेल्या एका द्रव्याचं बारीकसं इंजेक्शन द्यायचं आणि त्याला ओल्या कापडी पिशवीत रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा थेंब घ्यायचा, पाय किती सुजला ते मोजायचं आणि बेडूक परत त्याच्या डबक्यात सोडायचा. इथे सूज चांगली. पाय सुजला म्हणजे शरीराचे पहारेकरी जागे आहेत, रोग आला तर लढतील. माझ्या ओरडणाऱ्या नरांच्या रक्तात ताणाचं हार्मोन भरमसाट होतं आणि पाय जेमतेम सुजत होते. गप्प बसणाऱ्यांचं रक्त शांत होतं आणि पाय टम्म फुगत होते. सरळ अर्थ असा, की हाका मारणारा गडी वरून कितीही जोरकस वाटला तरी आतून पोखरलेला होता.

सुहासचे आकडे हुबेहूब सरांसारखे. हार्मोन कमी. पण त्याच्या बेडकांचे पाय सुजतच नसत, ओरडणाऱ्यांचेही नाहीत आणि गप्प बसणाऱ्यांचेही नाहीत. सर म्हणत, इंजेक्शनचं द्रव्य शिळं झालं असेल. आम्ही दोघं एकाच बाटलीतून घेत होतो.

"सर," मी म्हणाले, "माझा हात जड असता तर गप्प बसणारे बेडूकसुद्धा घाबरले असते ना? ते का नाही घाबरत माझ्या हाताला?"

"मला उलट विचारू नकोस."

"विचारत नाहीये सर, सांगतेय."

"तू सांगणार? मला?" सरांचा आवाज चढला की व्हरांड्याचे पत्रे वाजत. "अगं, बेडकाचं सगळं अंग म्हणजे तोंड असतं. तो कातडीनं श्वास घेतो, कातडीनं पाणी पितो. तुमच्या हातात जे असतं ते त्याच्या रक्तात उतरतं. राग असला तर राग, घाई असली तर घाई. हात हलका पाहिजे, हलका!"

त्यांनी स्वतःचे हात माझ्यापुढे धरले. ते हात बघण्यासारखेच होते. लांब बोटं, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत कातडी. सरांच्या हातात बेडूक झोपी जातो असं विद्यापीठात सगळे म्हणायचे. हातमोजे त्यांना चालत नसत. मोजे घालून भाकरी थापता येते का, असं विचारून ते नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी गार करत.

मग त्यांनी निकाल ऐकवला. पुढच्या वर्षी प्रकल्पात एकच जण राहणार. ज्याचा हात जड, त्याचं दोन वर्षांचं काम कचऱ्यात. पण त्यांना अन्याय करायचा नव्हता. उद्या संध्याकाळी ते स्वतः सड्यावर उभे राहणार, आणि आम्ही दोघांनी एकाच डबक्यावर आळीपाळीनं बेडूक पकडायचे. दहा मी, दहा सुहास. फक्त ओरडणारे.

"त्यात कळेल," सर म्हणाले आणि आत निघून गेले. कप तसाच राहिला.

मी मागच्या पडवीत जाऊन रडले. रागानं रडले, पण रडले. जनाकाकी लाकडं आत घ्यायला आल्या आणि मला बघून थांबल्या.

"रडतंस कित्याक गो? तो सर आसा, देव नाय."

मी तोंड धुवायला न्हाणीघरात गेले. बाहेर सुहासचा आवाज येत होता. बंगल्याच्या आवारात एकाच दगडावर मोबाइलला रेंज यायची आणि त्याचं लग्न नुकतंच ठरलं होतं, त्यामुळे तो रोज संध्याकाळी त्या दगडावर चढून सांगलीच्या मुलीला ऐकू जाईल एवढ्या जोरानं ओरडत बसे. छत्री डोक्यावर, एक बोट कानात. "जेवलीस का? काय म्हणालीस? जेवलीस का?" माझ्या बेडकांकडून मी जरा बरं संभाषण ऐकलेलं होतं.

खिडकीत, त्याच्या साबणाच्या डबीमागे, एक ट्यूब होती. त्या बंगल्यात पावसाळ्यात कुणाची कातडी धड नसायची. माझ्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून आग होत होती. खाजेचं मलम दिसतंय, थोडं लावू म्हणून मी ती उचलली. कोणत्याही गावातल्या मेडिकलमध्ये कुणीही नुसतं 'गजकर्णाची ट्यूब' म्हणावं आणि दुकानदारानं न बघता काढून द्यावी, तसली. बोटावर थेंब काढला आणि सवयीनं मागची बारीक अक्षरं वाचली. आत तीन औषधं होती. पहिलं बुरशीचं, दुसरं जंतूंचं. तिसरं नाव वाचलं आणि बोट पायापर्यंत गेलंच नाही.

ते स्टेरॉइड होतं. ज्या ताणाच्या हार्मोनपायी मी दोन वर्षं डोकं फोडत होते, त्याचाच कारखान्यात तयार झालेला, कितीतरी पटींनी जोरदार भाऊ. असलं औषध बाहेरून अंगात गेलं की शरीराला वाटतं, हार्मोन पुष्कळ आहे, आणि ते स्वतःचं बनवायचं थांबतं. शिवाय हे औषध पहारेकऱ्यांना झोपवतं. लाली जाते, सूज जाते, खाज जाते; माणसाला वाटतं बरं झालं, आणि गजकर्ण खालून आरामात पसरत राहतं. आणि हे माणसाच्या जाड कातडीचं. बेडूक तर कातडीनं पाणी पितो.

रक्तात हार्मोन कमी, पाय सुजत नाहीत, ओरडणाऱ्यांचे नाहीत आणि गप्प बसणाऱ्यांचेही नाहीत. आणि ओरडणारे आधी धरायचे, म्हणजे सगळ्यात ताजं मलम त्यांच्याच वाट्याला. मी बोट पुसलं, उलट्या बादलीवर बसले आणि एकटीच हसले.

दारावर थाप पडली. "माझी एक ट्यूब राहिलीय आत."

मी दार उघडून ट्यूब त्याच्यासमोर धरली. "कुठं झालंय?"

"तुला काय करायचंय?"

"बेडूक पकडायला जायच्या आधी लावतोस?"

"संध्याकाळच्यालाच खाज सुटती. लावतो आणि जातो. का?"

"हात धुतोस नंतर?"

"सड्यावर पाऊस काय कमी हाय?"

मी त्याला समजावून सांगितलं. शिव्या न देता सांगितलं, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते. सुहास मठ्ठ नव्हता. माझं बोलणं अर्ध्यावर यायच्या आतच त्याला सगळं कळलं, त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. पण मग तो माझ्या हातातली ट्यूब हिसकावून दात आवळून बोलायला लागला.

"हे बघ तृप्ती. पुढच्या पंधरवड्यात साखरपुडा हाय माझा. अंगभर गजकर्ण हाय म्हणून त्यांच्या कानावर गेलं ना, तर तुला सोडणार नाही मी."

"तुझ्या सोयरिकीशी मला काही घेणं नाही. सरांना सांग तू स्वतः. नाहीतर मी सांगते."

"सरांना?" तो विचित्र हसला. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. "जा की. सांग की. आकडे जुळेनात म्हणून माझ्या वस्तू हुंगत फिरालीस, हे मीपण सांगतो. बघू कुणाचं ऐकतात."

मी तशीच सरांच्या खोलीवर गेले. ते कॉटवर बसून चष्मा पुसत होते.

"सर, उद्या आम्ही दोघांनी साबणानं हात धुऊन, पुन्हा साध्या पाण्यानं धुऊन बेडूक धरायचे. एवढीच अट घाला."

"साबण? बेडकाच्या कातडीला साबण? दोन वर्षं काय शिकलीस तू?"

"सर, सुहास हाताला मलम लावून बेडूक धरतो. त्यात स्टेरॉइड आहे."

चष्मा पुसणारी बोटं थांबली. क्षणभरच. मग सर इतके भडकले की बाहेर जनाकाकींच्या हातातून काहीतरी पडलं.

"मलम चोळून हात हलका झाला असता तर दवाखान्यातले कंपाउंडर शास्त्रज्ञ झाले असते! हरायला लागलीस म्हणून दुसऱ्याच्या अंगावरचं काढतेस? लाज नाही वाटत? या हलक्या हातासाठी मी आयुष्य घातलंय, राऊळ. तुझ्यासारखी पोर येऊन मला त्याचं कारण मलम सांगते. चालती हो. उद्या सड्यावर दिसलीस तर दिस, नाहीतर घरी जा."

मी चालती झाले. त्या रात्री मला राग होता, भीती होती, पण शंका एकही नव्हती. सरांना माझं बोलणं पटणार नव्हतं. सरांना फक्त सरांचेच आकडे पटत असत. सकाळी मी बाजारात गेले, मेडिकलच्या खिडकीत उभं राहून 'गजकर्णाची ट्यूब' म्हणाले. दुकानदारानं मान वर न करता ती काउंटरवर टाकली.

संध्याकाळी सड्यावर धुकं होतं आणि डबक्याच्या काठानं नर ओरडायला लागले होते. सर छत्री घेऊन मधोमध उभे राहिले. मी बंगल्यावर साबणानं, मग ओढ्यात साध्या पाण्यानं, कोपरापर्यंत हात धुऊन आले होते. सुहास जीपशी उभा होता, शर्टाच्या आत हात घालून. टॉर्चच्या उजेडात त्याची बोटं तुपाच्या हातासारखी चमकत होती. काल न्हाणीघरात मी त्याला सगळं समजावलं होतं. कालपर्यंत त्याची ती चूक होती. आज नव्हती. आमची नजरानजर झाली, आणि त्यानं माझ्याकडे बघत दोन्ही तळवे एकमेकांवर सावकाश चोळले.

मी माझे पाच बेडूक धुतलेल्या हातांनी धरले. प्रत्येक वेळी सर मागून ओरडत होते. "अंगठा काढ! अगं, बटाटा आहे का तो? सुहास, दाखव तिला!" पाचव्या बेडकाला त्यांनी स्वतः येऊन माझी बोटं उलगडली आणि नीट करून ठेवली. "पोटाखालून घ्यायचं. त्याला वाटलं पाहिजे की आपण पानावर बसलोय. हं. असं."

"कळलं, सर. थांबा, हात पुसून येते."

मी जीपच्या मागे गेले. खिशातली ट्यूब काढली, वाटाण्याएवढं मलम तळव्यावर घेतलं आणि नीट चोळलं. मग परत येऊन पुढचे पाच धरले. सहावा सरांनी दाखवला तसा, पोटाखालून. त्यापुढे माझ्या नेहमीच्याच पकडीत.

"बघ, कसा शांत बसलाय," सर सुहासला म्हणाले. "शिकवलं की येतं."

दुसऱ्या दिवशी माझ्या पहिल्या पाचांचे पाय थोडे तरी सुजले होते. पुढच्या पाचांचे होते तसेच होते. सुहासच्या दहाच्या दहांचे होते तसेच. सरांनी पायांकडे पाहिलंही नाही. रक्ताच्या नळ्या घेऊन ते कोल्हापूरला गेले, आणि दोन आठवडे मी आणि सुहास एकाच घरात दोन भुतांसारखे राहिलो. मधल्या काळात त्याचा साखरपुडा झाला. पेढ्यांचा बॉक्स त्यानं जनाकाकींना दिला आणि माझ्या टेबलावरून नेताना झाकण लावून नेला.

जीप पुन्हा आली त्या दुपारी सर उतरले तेच हसत.

"जनाकाकी, चहा टाका. आणि कांद्याची भजी करा. राऊळ, ये. बस इथे."

मी बसले. सुहास समोर बसला. सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि त्यावर आपलं ते सुंदर बोट ठेवलं.

"हे तुझे पहिले पाच. वर गेलेत सगळे, जड हात. आता हा सहावा बघ. मी तुझी पकड बदलली तिथून. सात, आठ, नऊ, दहा. धाडकन खाली! सुहासच्या बरोबरीला आलीस तू. अगं, हात हलका झाला तुझा!"

त्यांचा चेहरा उजळला होता. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. ते मला हरवून खूश नव्हते, मला शिकवता आलं म्हणून खूश होते. त्या क्षणी मला ते खरोखर आवडले. तरी मी खिशातून ट्यूब काढून कागदावर ठेवली.

"सर, पाच झाल्यावर मी जीपमागे जाऊन हाताला हे लावलं होतं. तुमची पकड मी फक्त सहाव्याला धरली. पुढचे चार माझ्या पकडीत होते. अंधारात तुम्हाला दिसलं नाही."

आत कढईत भजी सोडल्याचा आवाज झाला.

"चोरटी!" सुहास उठला. "माझी ट्यूब..."

"तुझी नाही. बाजारातून विकत घेतलीय. कुणीही घेतं."

सरांनी ट्यूब उचलली. चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचली. पुन्हा वाचली.

"किती लावलंस?"

"वाटाण्याएवढं."

सरांनी मान वर केली आणि सुहासकडे पाहिलं. सर रागावतील, ओरडतील असं मला वाटलं होतं. सुहासलाही तेच वाटलं असणार, कारण तो एकदम दोन पावलं मागे सरला आणि त्याच्या तोंडून भीतीनं खरं ते निघालं.

"माझ्याकडे काय बघताय, सर? तुम्हीच दिलीत की मला ही! तुमच्या बॅगेतली. म्हणालात, माझ्या बोटांना दर पावसाळ्यात इसब उठायचा, वीस वर्षं हेच लावतोय, डोकं वर काढत नाही. म्हणालात की नाही?"

मी सरांच्या बोटांकडे पाहिलं. पातळ, गुलाबी, चकचकीत. वर्षानुवर्षं स्टेरॉइड चोळलं की कातडी अशीच होते, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, आणि दोन वर्षं रोज डोळ्यांपुढे असून मला दिसलं नव्हतं. शप्पथ सांगते, मला हे माहीत नव्हतं. मी सुहासला पाडायला निघाले होते. सर माझ्या मनातही नव्हते.

"गरम आसत तवसर खावा," म्हणत जनाकाकींनी भज्यांचं ताट कागदांवरच ठेवलं.

सर बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसले. मग ते अगदी हळू बोलले. त्यांचा एवढा खालचा आवाज मी प्रथमच ऐकला.

"राऊळ, सामान बांध."

"सर..."

"आत्ता. जीप तुला स्टँडवर सोडेल. माझ्याकडे तुझं काम संपलं."

मी भांडले नाही. बॅग भरायला फार वेळ लागला नाही, वाळलेलं असं काही नव्हतंच. बाहेर आले तेव्हा सुहास भजी खात होता. सर पडवीतल्या नळाशी उभे होते. नळ सोडलेला, बाह्या कोपराच्या वर, आणि ते हात धूत होते. साबण लावत होते, धूत होते, पुन्हा साबण लावत होते. जीप निघाली तेव्हाही ते धूतच होते.

मला दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या मार्गदर्शक बाईंकडे पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. जुने नमुने मिळाले नाहीत. सुहासचं लग्न झालं, प्रकल्पही त्यालाच मिळाला, पण त्याचा प्रबंध कधी आला नाही. तो आता औषधांच्या कंपनीत आहे असं ऐकते. एम.एस्सी.च्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ओरडणाऱ्या निवांत नराचा परिच्छेद तिच्यात नव्हता. का काढला, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

प्रबंध दिल्यावर बाईंनी बोलावून सांगितलं, की तोंडी परीक्षेला बाहेरून निंबाळकर सर येणार आहेत. बेडकांच्या आवाजावर आपल्याकडे दुसरं आहे कोण? मी आठवडाभर जेवले नाही नीट. त्यांना मला नापास करायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य त्यांना पाठ होतं.

सर आले. निवृत्त झाले होते, केस सगळे गेले होते. माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसले आणि त्यांनी हात टेबलावर ठेवले. मी बघतच राहिले. बोटं सुजून लाल झालेली, कातडी जाड, खवलेदार, सांध्यांवर उभ्या चिरा. एका बोटाला कापडाची चिंधी. इसबानं वीस वर्षांचं उट्टं काढलं होतं. बऱ्याच काळात त्यावर मलमाचा थेंब गेलेला नव्हता, हे कुणालाही दिसत होतं.

मी बोलले. ओरडणारे नर, गप्प बसणारे नर, ताण, सूज. जो जास्त हाका मारतो तो आतून झिजतो, हे आकड्यांनी दाखवलं. बाईंनी विचारलं, सभागृहातल्या दोघांनी विचारलं. सर शेवटपर्यंत गप्प होते. मग त्यांनी माझा प्रबंध मिटला.

"प्रत्येक बेडकाआधी हात धुतलेस?"

"हो, सर."

"कशानं?"

"साबणानं. मग साबण जाईपर्यंत ओढ्याच्या पाण्यानं."

"मलम?"

"नाही, सर."

मागे कुणीतरी हसलं, त्यांना तो विनोद वाटला. सर हसले नाहीत. ते प्रथमच माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत माया नव्हती. तशी ती मी मागितलीही नव्हती.

"हात जडच आहे तुझा, राऊळ," ते म्हणाले आणि त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

पेन त्यांना नीट धरता येत नव्हतं. सही पुरी होता होता तर्जनीवरची चीर उलली. त्यांनी बोट रुमालात दाबून धरलं, दुसऱ्या हातानं कागद बाईंकडे सरकवला आणि मला जायची खूण केली.